आद्य अमेरिकन पुराणवस्तूंचे गृहसंग्रह : मांडणी आणि पुरावा

१. विषयाची व्याप्ती

घरातील पेटी, पलंग, खुर्ची अथवा मातीचे भांडे जोपर्यंत वापरात असते, तोपर्यंत त्याच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून कोणी पाहत नाही. वापर संपला, की अशा वस्तूची गती बहुधा दोहोंपैकी एक असते : ती माळ्यावर जाऊन पडते, किंवा सरपणात जाते. क्वचित तिसरी गती तिच्या वाट्याला येते. कोणी तरी ती उचलतो, पुसून दिवाणखान्यात ठेवतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यास कौतुकाने दाखवू लागतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या तिसऱ्या प्रकारास गेल्या दीडशे वर्षांत एवढे व्यापक रूप आले की, तेथील मोठमोठ्या संग्रहालयांचे देशी कलावस्तूंचे विभाग बव्हंशी खाजगी घरांतील संग्रहांतूनच उभे राहिले. हे गृहसंग्रह कसे घडले, वस्तूंची मांडणी कोणत्या कल्पनांनुसार झाली, आणि त्या मांडणीचा वस्तूंच्या ऐतिहासिक मूल्यावर काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

‘आद्य अमेरिकन’ ही संज्ञा सामान्यतः सतराव्या शतकातील इंग्रजी वसाहतींपासून इ. स. १८३० च्या सुमारापर्यंतच्या वस्तूंस लावली जाते. ही उत्तरमर्यादा केवळ सोयीची नाही. १९३० च्या अमेरिकन जकात कायद्याने १८३० पूर्वी निर्माण झालेल्या वस्तूंस पुराणवस्तू मानून आयातकरातून सूट दिली होती. १९६६ मध्ये ही तरतूद बदलून शंभर वर्षे वयाची अट घालण्यात आली; परंतु संग्राहकांच्या मनात १८३० ही रेषा बराच काळ टिकून राहिली. याचे कारण उघड आहे. त्या सुमारास हस्तव्यवसायाची जागा यंत्रोत्पादन घेऊ लागले होते, आणि संग्राहकांस ज्याची ओढ होती ती वस्तू हाताने घडविलेली असावी, अशी त्यांची धारणा होती.

एखादी वस्तू घरात शोभावी म्हणून तिच्यावर जे संस्कार केले जातात, ते बहुधा तिने साठवून ठेवलेला पुरावा पुसून टाकतात. आणि पुरावा जपावा म्हटले, तर वस्तू नेहमीच शोभते असे नाही. गृहसंग्रहाच्या इतिहासात हा विरोध आरंभापासून दिसतो.

२. संग्रहवृत्तीचा उदय

मॅसॅच्युसेट्समधील डिअरफील्ड हे गाव या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. १७०४ च्या फेब्रुवारीत फ्रेंच आणि त्यांच्या मूलवासी सहकाऱ्यांनी या गावावर हल्ला केला. त्या वेळी कुऱ्हाडीच्या घावांनी भोक पडलेले एका घराचे दार पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोकांना दाखविले जात असे. १८४८ मध्ये ते घर पाडण्यात आले. दार मात्र वाचले. १८७० मध्ये जॉर्ज शेल्डन यांच्या पुढाकाराने तेथे एक स्मारक-संस्था स्थापन झाली, आणि १८८० मध्ये तिचे संग्रहालय खुले झाले. त्यात हे दार तर ठेवलेच, पण त्याखेरीज स्वयंपाकघर, शयनगृह आणि बैठकीची खोली अशा तीन खोल्या जुन्या सामानाने सजवून मांडण्यात आल्या. एका विशिष्ट कालखंडातील खोली जशीच्या तशी उभी केल्याचा आभास निर्माण करणारी ही पद्धती पुढे ‘कालखंड-दालन’ म्हणून संग्रहालयांत रूढ झाली. तिच्या अमेरिकेतील आद्य स्थायी उदाहरणांत डिअरफील्डची गणना होते.

या पद्धतीचे मूळ मात्र संग्रहालयात नसून जत्रांत होते. यादवी युद्धाच्या काळात जखमी सैनिकांच्या साहाय्यासाठी उत्तरेकडील शहरांत निधिसंकलनाच्या मोठ्या जत्रा भरत. १८६४ मध्ये ब्रुकलिन येथील अशा जत्रेत ‘न्यू इंग्लंडचे स्वयंपाकघर’ उभारण्यात आले होते. भिंतीतील मोठी चूल, तिच्यावर टांगलेली भांडी, जवळ सूतकताईचे चाक आणि जुन्या पोशाखातील स्त्रिया, असे त्याचे स्वरूप होते. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील शतसांवत्सरिक प्रदर्शनात हीच कल्पना पुन्हा लाखो प्रेक्षकांपुढे आली. लाँगफेलो या कवीने १८५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘माइल्स स्टँडिश’वरील कथाकाव्याने सूत कातणारी प्रिसिला घरोघर पोहोचविली होती. परिणामी, ज्या घरांत दोन पिढ्यांत कोणी सूत कातले नव्हते, अशा घरांच्या दिवाणखान्यांत चुलीशेजारी सूतकताईचे चाक विराजमान झाले. वस्तू खरी होती, तिची जागा मात्र काव्यातून आली होती.

३. शास्त्र, व्यापार आणि देशाभिमान

या भावनाप्रधान संग्रहवृत्तीस शास्त्रीय वळण देण्याचे श्रेय प्रामुख्याने हार्टफर्ड येथील वैद्य अर्व्हिंग लायन यांच्याकडे जाते. त्यांचा न्यू इंग्लंडमधील वसाहतकालीन फर्निचरवरील ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. लायन यांनी कौटुंबिक दंतकथांवर विसंबून न राहता मृतांच्या मालमत्तेच्या ज्या याद्या वारसाहक्कासाठी न्यायालयांत दाखल होत, त्या तपासल्या, आणि कागदातील नावे प्रत्यक्ष वस्तूंशी जुळवून पाहिली. एखादी खुर्ची ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आली, असे घरातील वृद्ध सांगत असले, तरी तिची घडण साठ-सत्तर वर्षे नंतरची असू शकते, ही जाणीव अशा अभ्यासातून दृढ झाली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत या क्षेत्राचे रूप झपाट्याने पालटले. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हडसन-फुल्टन उत्सवानिमित्त अमेरिकन कलावस्तूंचे प्रदर्शन भरविले, आणि त्याच वर्षी बोस्टनचे वकील यूजीन बोल्स यांचा घरगुती संग्रह मिसेस रसेल सेज यांनी विकत घेऊन त्या संग्रहालयास अर्पण केला. १९२२ मध्ये ‘अँटिक्स’ हे मासिक बोस्टन येथे निघाले. १९२४ च्या नोव्हेंबरात मेट्रोपॉलिटनचा ‘अमेरिकन विभाग’ कालखंड-दालनांसह खुला झाला. १९२९ मध्ये रीफस्नायडर संग्रहाच्या लिलावात फिलाडेल्फियाच्या कारागिरीचे एक हायबॉय, म्हणजे उंच पायांवर उभे असलेले खणांचे दुमजली कपाट, हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट यांनी ४४,००० डॉलरांस घेतले. ज्या वस्तू पन्नास वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या कोठारांत धूळ खात होत्या, त्या आता धनिकांच्या स्पर्धेचा विषय झाल्या होत्या.

या उत्साहामागे सौंदर्यदृष्टीइतकीच सामाजिक अस्वस्थताही होती. दक्षिण व पूर्व युरोपातून आलेल्या लक्षावधी लोकांमुळे देशाचे मूळ रूप हरवेल, अशी भीती जुन्या इंग्रजी वंशाच्या श्रीमंत कुटुंबांत पसरली होती. ज्या १९२४ साली अमेरिकन विभाग उघडला, त्याच साली देशांतर्गमनावर कडक मर्यादा घालणारा कायदाही संमत झाला. विभागाच्या उभारणीत अग्रभागी असलेले हॅल्सी यांनी, अशा दालनांच्या दर्शनाने नवागतांच्या मनावर अमेरिकन परंपरेचे संस्कार होतील, अशी अपेक्षा उघडपणे व्यक्त केली होती.

परंतु येथे इतिहासाने एक सूक्ष्म विनोद केलेला आहे. ज्यांना ही परंपरा शिकवावयाची, त्यांच्यातीलच काहींनी ती इतरांस शिकविली. लिथुएनियातून आलेले सुतार इझ्रायल सॅक बोस्टनमध्ये जुन्या फर्निचरची दुरुस्ती करता करता आद्य अमेरिकन वस्तूंचे सर्वश्रेष्ठ व्यापारी बनले. त्यांचे पुत्र अल्बर्ट सॅक यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एकाच प्रकारच्या वस्तूंची ‘चांगली, अधिक चांगली, सर्वोत्तम’ अशी छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली, आणि दोन पिढ्यांतील संग्राहकांची नजर त्या पुस्तकाने घडविली. रशियात जन्मलेले ज्यू गायक मॅक्सिम कॅरोलिक यांनी पत्नी मार्था कॉडमन यांच्यासह जमविलेला संग्रह आज बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाचे भूषण आहे. वस्तूंवर प्रेम करण्यास वंशाचा दाखला लागत नाही, हे यावरून सिद्ध होते.

४. मांडणी : कल्पना आणि वस्तुस्थिती

‘जुने अमेरिकन घर’ म्हटले की डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, ते घडविण्यात वॉलेस नटिंग यांचा वाटा फार मोठा आहे. मूळचे धर्मोपदेशक असलेले नटिंग यांनी १९१५ च्या सुमारास न्यू इंग्लंडमधील काही जुनी घरे विकत घेऊन सजविली, त्यांत जुन्या पोशाखातील स्त्रिया उभ्या करून छायाचित्रे काढली, आणि हाताने रंगविलेली ती छायाचित्रे प्रचंड संख्येने विकली. त्यांचा स्वतःचा सतराव्या शतकातील फर्निचरचा संग्रह पुढे धनाढ्य मॉर्गन घराण्यामार्फत हार्टफर्डच्या वॉड्‌सवर्थ ॲथिनियम या संग्रहालयात गेला. चुलीपुढे अंथरलेला विणलेला गालिचा, खिडक्यांना झालरीचे पडदे, फडताळात ओळीने मांडलेल्या प्यूटरच्या थाळ्या आणि कोपऱ्यात चाक, हे दृश्य अशा छायाचित्रांनी इतके परिचित केले की, सामान्य संग्राहकास तेच प्रमाण वाटू लागले.

मृतांच्या मालमत्तेच्या याद्या मात्र निराळेच चित्र दाखवितात. ॲबट लॉवेल कमिंग्ज यांनी १९६४ मध्ये संपादित केलेल्या १६७५ ते १७७५ या शतकातील मॅसॅच्युसेट्सच्या ग्रामीण घरांच्या याद्यांवरून पाहता, घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू बहुधा बिछान्यासह सजविलेला पलंग ही असे, आणि तो कित्येकदा बैठकीच्या मुख्य खोलीतच असे. त्या काळी ‘कार्पेट’ हा शब्द प्रथमतः मेजावर घालावयाच्या भारी वस्त्रास लावीत. तो पायांखाली अंथरणे सामान्य घरात संभवतच नव्हते. खिडक्यांचे पडदे विरळ. सूतकताईची चाके माळ्यावर किंवा अडगळीच्या खोलीत आढळतात. खुर्च्या खोलीच्या मध्यभागी गप्पांच्या बैठकीसारख्या मांडलेल्या नसून बहुधा भिंतीलगत ओळीने ठेवीत आणि लागतील तशा पुढे ओढीत. एकंदरीत जुनी खोली आजच्या दृष्टीस बरीचशी रिकामी दिसली असती.

रंगाविषयीही असेच म्हणावे लागते. प्यूरिटन पंथीयांचे घर म्हणजे काळपट ओक लाकूड आणि साधेपणा, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. प्रत्यक्षात सतराव्या व अठराव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक पेट्या आणि कपाटे तांबड्या, काळ्या व इतर रंगांनी रंगविलेली होती. विंडसर खुर्ची हे याचे उत्तम उदाहरण होय. तिची बैठक पाइन किंवा ट्यूलिप पॉपलर या मऊ लाकडाची, कातीव पाय मेपलचे, आणि पाठीच्या काड्या हिकरी किंवा ओकसारख्या चिवट लाकडाच्या असत. प्रत्येक लाकडाचा गुण त्या त्या भागास उपयुक्त. पण एकत्र पाहता ती खुर्ची तीन रंगांची दिसे. म्हणून तिला आरंभापासूनच रंग देत, बहुधा हिरवा. संग्राहकांनी हा रंग खरवडून ‘मूळचे सुंदर लाकूड’ उघडे केले, तेव्हा त्यांनी मूळ रूप परत आणले नाही, तर पूर्वी कधीही नसलेले रूप निर्माण केले.

कालखंड-दालनांनी तर घरांचीच उचलबांगडी केली. फिलाडेल्फियाचे महापौर सॅम्युएल पॉवेल यांच्या घराचा वृत्तान्त या संदर्भात उद्‌बोधक आहे. १७६५ मध्ये बांधलेल्या या घरातील एका खोलीचे कोरीव लाकूडकाम न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने नेले, दुसऱ्या एका खोलीचे फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाने नेले. पुढे घरच पाडले जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा १९३१ मध्ये नागरिकांच्या एका संस्थेने ते वाचविले. आज ते घर आपल्या जागी उभे आहे. परंतु नेलेल्या लाकूडकामाच्या जागी तेथे प्रतिकृती आहेत आणि मूळ काम दोन संग्रहालयांत आहे. त्या लाकूडकामाचे रक्षण झाले, हे निःसंशय; पण खोलीचा घराशी, घराचा रस्त्याशी आणि रस्त्याचा नगराशी असलेला संबंध तुटला तो तुटलाच.

५. वस्तू वाचण्याची रीत

वस्तूचे वय आणि मूळ ठरविण्यासाठी अभ्यासक दर्शनी भागापेक्षा मागील आणि आतील भाग अधिक पाहतात. कारागीर जेथे दिखाऊपणा करीत नाही, तेथेच तो खरा सापडतो. खणाच्या बाजू, तळ, कपाटाची पाठ यांसाठी वापरलेले दुय्यम लाकूड हे पहिले गमक होय. न्यू इंग्लंडमध्ये यासाठी पांढरा पाइन, तर फिलाडेल्फियाकडे व दक्षिणेस ट्यूलिप पॉपलर सर्रास वापरीत. इंग्लंडमधील कारागीर ओक किंवा युरोपीय पाइन वापरी. दर्शनी बाजूस उभयत्र वेस्ट इंडीजची महोगनी असली, तरी आतील लाकडाचा सूक्ष्मदर्शकाखाली तपास केला म्हणजे वस्तू अटलांटिकच्या कोणत्या किनाऱ्यावर घडली याचा सुगावा लागतो. अर्थात लाकडाचा व्यापारही चालू असल्याने एवढ्यावरच निर्णय देणे युक्त नव्हे.

दुसरे गमक अवजारांच्या खुणांचे. खाली-वर चालणाऱ्या करवतीच्या खुणा सरळ व समांतर असतात. वर्तुळाकार करवतीच्या खुणा कमानदार असतात, आणि ही करवत साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशापासून प्रचारात आली. लोहाराने घडविलेला खिळा अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, पत्र्यातून कापलेला चौकोनी खिळा त्यानंतर, आणि तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, असा सामान्य क्रम आहे. तिसरे गमक लाकडाच्या आकसण्याचे. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून दोनशे वर्षांपूर्वी बिनचूक गोल कापलेल्या मेजाचा फळा आज मोजला, तर एका दिशेने किंचित कमी भरतो. तो सर्व बाजूंनी तंतोतंत गोल भरला, तर शंका घ्यावी.

या गमकांचे महत्त्व १९७० च्या दशकातील एका प्रकरणाने ठळकपणे पुढे आले. प्लिमथ येथील पिलग्रिम हॉल संग्रहालयात वसाहतीचे एक धुरीण विल्यम ब्रूस्टर यांच्या नावाने ओळखली जाणारी कातीव काड्यांची भव्य खुर्ची आहे. ऱ्होड आयलंडमधील शिल्पकार आर्मंड लामाँटेन यांनी १९६९ मध्ये त्याच धर्तीची एक खुर्ची स्वतः घडविली, तिला कृत्रिम उपायांनी जुनी केली, आणि ती बाजारात सोडून दिली. व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरत ती १९७० मध्ये डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९,००० डॉलरांस विकत घेतली. तज्ज्ञांची परीक्षा घ्यावी, हा निर्मात्याचा हेतू होता. १९७७ मध्ये त्यांनी सत्य उघड केले. क्ष-किरणांनी तपासणी करता काड्यांची भोके जुन्या चमच्याच्या आकाराच्या गिरमिटाने नव्हे, तर टोकदार आधुनिक पात्याने पाडल्याचे दिसून आले. संग्रहालयाने ती खुर्ची फेकून दिली नाही. बनावट वस्तूचा नमुना म्हणून ती अभ्यासार्थ राखली. खुर्चीस पूर्वमालकांची विश्वसनीय परंपरा नव्हती, आणि घडणीचे आतून परीक्षण खरेदीपूर्वी झाले नव्हते, या दोन उणिवा येथे एकत्र आल्या.

त्याच संग्रहालयात अगदी उलट प्रकारची एक वस्तू आहे. मॅसॅच्युसेट्समधील हॅडली येथे इ. स. १७१५ च्या आसपास घडविलेल्या एका रंगीत कपाटावर ‘हॅना बर्नार्ड’ हे नाव मोठ्या अक्षरांत दर्शनी भागावर लिहिलेले आहे. इतिहासकार लॉरेल उल्‌रिक यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात या नावाचा माग काढला. इंग्रजी कायद्यानुसार जमीन सामान्यतः पुत्रांकडे आणि जंगम वस्तू कन्यांकडे जात. हॅना विवाहानंतर थोड्याच वर्षांत वारली. परंतु तिच्या मुलीने आपल्या मुलीचे नाव ‘हॅना बर्नार्ड’ असे पूर्ण ठेवले. विवाहाने स्त्रीचे आडनाव लुप्त होत असे. येथे ते एका कपाटाच्या आधाराने तिसऱ्या पिढीपर्यंत टिकले. एखाद्या संग्राहकाने ‘सुबक करण्यासाठी’ या कपाटावरील जुना रंग खरवडला असता, तर एक चांगले लाकडी कपाट शिल्लक राहिले असते आणि एक स्त्री इतिहासातून नाहीशी झाली असती.

६. घरात जतन करताना

वरील विवेचनावरून जतनाचे काही नियम आपोआप निष्पन्न होतात. जुना रंग अथवा रोगण, झिजलेल्या कडा, खणाखालचे घर्षणाचे चरे, मागील बाजूस चिकटविलेली चिठ्ठी, खडूने लिहिलेली खूण, यांपैकी काहीही केवळ स्वच्छतेच्या नावाखाली काढू नये. जुन्या पिढीतील संग्राहक मोडका पाय बदलून, पितळी मुठी नव्या बसवून आणि सर्वत्र चकाकी आणून समाधान मानीत. आज अशा नूतनीकरणाने वस्तूचे बाजारमूल्यही लक्षणीयरीत्या घटते. दुरुस्ती अपरिहार्य असेल, तर ती पुढे उलटविता येईल अशी असावी आणि तिची नोंद ठेवावी. नटिंग यांनी बनविलेल्या प्रतिकृतींस आरंभी कागदी चिठ्ठी असे. ती काढून प्रतिकृती जुनी म्हणून खपविणे सोपे होते. म्हणून पुढे नाव लाकडातच डागण्याची पद्धत त्यांनी स्वीकारली. नव्याने केलेले काम नवे म्हणून ओळखू यावे, हे तत्त्व त्यात अनुस्यूत आहे.

राहत्या घरात वस्तूंचे मुख्य शत्रू दोन : प्रकाश आणि हवेतील आर्द्रतेचे चढउतार. सूर्यप्रकाशाने कापड, जलरंग आणि लाकडाचा रंग उडतो, व तो परत येत नाही. थंड प्रदेशात हिवाळ्यात कृत्रिम उष्णतेने हवा कोरडी होते, लाकूड आकसते, फळ्यांना चिरा जातात आणि वरून चिकटविलेला पातळ पापुद्रा सुटतो. म्हणून आर्द्रता वर्षभर शक्यतो स्थिर राखणे, वस्तू चुलीपासून व खिडकीपासून दूर ठेवणे, आणि नाजूक वस्त्रे आळीपाळीने मांडून बाकीची अंधारात ठेवणे हिताचे असते. शिशाच्या झिलईची तांबडी मातीची भांडी शोभेसाठी ठेवावीत; त्यांत अन्न वाढू नये.

७. वगळलेली माणसे

घरगुती मांडणीत एक त्रुटी दीर्घकाळ कोणाच्या लक्षात आली नाही. ‘अमेरिकन’ म्हणून मिरविल्या जाणाऱ्या या दिवाणखान्यातील कितीतरी द्रव्य दूरदेशचे होते. महोगनी कॅरिबियन प्रदेशातील आणि मध्य अमेरिकेतील अरण्यांतून येई, आणि ती तोडणारे मजूर मुख्यत्वे गुलाम होते. ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज १७८४ मध्ये न्यूयॉर्कहून कँटनला गेल्यानंतर चिनी मातीची भांडी अमेरिकन जहाजांतूनच थेट येऊ लागली. त्याच सुमारास भारतीय बंदरांशीही व्यापार सुरू झाला, आणि सुती कापडाचे गठ्ठे सेलेम व बोस्टन येथे उतरू लागले. मुंबईतील पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया हे अमेरिकन व्यापाऱ्यांचे मुंबईतील अडते होते. त्यांचे तैलचित्र सेलेमच्या खलाशी-व्यापाऱ्यांच्या संस्थेने जपले, आणि ते आज तेथील पीबडी एसेक्स संग्रहालयात आहे. न्यू इंग्लंडमधील पलंगावरील चादरीचा धागा शोधीत गेले, तर तो कधी कधी मुंबईच्या धक्क्यापर्यंत येऊन पोहोचतो.

गुलामांच्या कारागिरीकडेही लक्ष उशिराच गेले. दक्षिण कॅरोलायनातील एजफील्ड येथील गुलाम कुंभार डेव्हिड ड्रेक आपल्या प्रचंड रांजणांवर नाव, तारीख आणि क्वचित दोन ओळींचे पद्य कोरीत असे. गुलामांस लिहिण्यास शिकविणे त्या राज्यात १८३४ पासून कायद्याने निषिद्ध होते. काळाच्या दृष्टीने हे रांजण १८३० च्या रेषेपलीकडचे. पण त्या रेषेचा आग्रह कोणास बाहेर ठेवतो, हेही त्यांवरून कळते. २०२१ मध्ये त्यांपैकी एक रांजण १५ लाख ६० हजार डॉलरांस विकला गेला.

८. दोन संग्राहक, दोन आदर्श

गृहसंग्रहाची दोन भिन्न टोके म्हणून हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट आणि बर्ट्रम व नीना फ्लेचर लिट्‌ल हे दाम्पत्य यांची तुलना करता येईल. ड्यू पाँट यांनी १९२३ मध्ये व्हर्माँटमधील इलेक्ट्रा वेब यांच्या घरी पाइनच्या फडताळात मांडलेली गुलाबी इंग्रजी भांडी पाहिली, आणि त्या रंगसंगतीने ते मोहून गेले. पुढे डेलावेअरमधील विंटरथर या आपल्या वडिलोपार्जित वाड्यात त्यांनी जुन्या घरांतून आणलेल्या लाकूडकामासह सुमारे १७५ खोल्या सजविल्या. रंग, समतोल आणि जोडीजोडीने मांडणी यांवर त्यांचा कटाक्ष होता. उत्तर कॅरोलायनातील माँटमोरेन्सी या घराचा वर्तुळाकार जिना विंटरथरमध्ये बसविताना लंबवर्तुळाकार करण्यात आला. तो विलक्षण सुंदर आहे. पण तसा जिना मूळ घरात कधीच नव्हता. तथापि, याच ड्यू पाँट यांनी १९५१ मध्ये आपले राहते घर संग्रहालय म्हणून खुले केले, आणि १९५२ मध्ये डेलावेअर विद्यापीठाच्या सहकार्याने तेथे आद्य अमेरिकन संस्कृतीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. पुढील पिढ्यांतील संग्रहालयपाल व अभ्यासक त्यातून तयार झाले, आणि त्यांनीच पुढे ड्यू पाँट यांच्या मांडणीची चिकित्सा केली. गृहसंग्रहाची याहून उत्तम परिणती संभवत नाही.

लिट्‌ल दाम्पत्याने १९३७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एसेक्स येथे कॉग्जवेल्स ग्रँट हे अठराव्या शतकातील शेतघर घेतले. त्यांची साधने ड्यू पाँट यांच्या मानाने मर्यादित होती आणि त्यांची आवड ग्रामीण वस्तूंची : रंगविलेल्या पेट्या, फिरत्या चितारांनी काढलेली व्यक्तिचित्रे, तांबड्या मातीची भांडी. घराचा जुना रंग त्यांनी शक्य तेथे राखला. नीना लिट्‌ल यांना वस्तू मिळविण्याइतकीच तिची कुळकथा मिळविण्याची आस होती. एखादे अनामिक चित्र हाती आले, की त्या गावच्या नोंदी, वर्तमानपत्रे आणि वंशावळी धुंडाळून चिताराचा शोध घेत. भिंतींवरील जुन्या सजावटी चित्रकामावरील त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९३ मध्ये उभयतांचे निधन झाल्यावर ते घर वस्तूंसह एका जतनसंस्थेकडे गेले आणि १९९८ पासून लोकांस पाहण्यास खुले झाले. तेथील मांडणी अठराव्या शतकातील घराची आहे, असा दावा कोणी करीत नाही. ते विसाव्या शतकातील एका संग्राहक कुटुंबाचे घर म्हणूनच दाखविले जाते. या प्रामाणिकपणामुळे त्या घरास दुहेरी पुराव्याचे मूल्य आले आहे : वस्तू आपल्या काळाविषयी बोलतात, आणि मांडणी संग्राहकांच्या काळाविषयी.

९. समारोप

१९८९ मध्ये न्यूपोर्टच्या कारागिरांनी घडविलेले, निकोलस ब्राउन यांच्या घराण्यातील लेखनमेजासह पुस्तकांचे कपाट १ कोटी २१ लाख डॉलरांस विकले गेले, तेव्हा हा बाजार परमोच्च बिंदूस पोहोचला होता. अशा सर्वोत्कृष्ट वस्तूंस आजही गिऱ्हाईक मिळते. परंतु एकविसाव्या शतकात मध्यम प्रतीच्या जुन्या फर्निचरच्या किमती पुष्कळच उतरल्या आहेत. लहान घरे आणि बदललेली आवड यांमुळे आईवडिलांचे संग्रह मुलांस नकोसे होतात, आणि पन्नास-साठ वर्षे एकत्र असलेल्या वस्तू एका दिवसाच्या लिलावात विखुरतात. वस्तू स्वस्त झाल्याने नव्या, अल्पवित्त संग्राहकास त्या आवाक्यात आल्या, हा यातील लाभ होय. हानी मात्र अशी की, खणात ठेवलेली आजीची चिठ्ठी, जुनी पावती, ‘हे मेज अमुक गावच्या अमुक घरातून आले’ ही तोंडी माहिती, ही सर्व त्या दिवशी कचऱ्यात जातात. कारण त्यांना किंमत नसते.

म्हणून गृहसंग्राहकाचे प्रथम कर्तव्य साधे आहे. वस्तू कोठून, कोणाकडून, केव्हा आणि कोणत्या स्थितीत मिळाली, तिच्यावर पुढे काय काम केले, हे एका वहीत लिहून ती वही वस्तूंबरोबर जाईल अशी व्यवस्था करणे. मांडणी कशीही असो. ती प्रत्येक पिढी आपल्या आवडीनुसार बदलणारच. डिअरफील्डचे दार आज मौल्यवान आहे, ते त्याच्या लाकडामुळे नव्हे. ते कोणत्या घराचे आणि कोणत्या रात्रीचे, हे सांगणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि अखेरीस कोणी तरी ते लिहून ठेवले, यामुळे होय.